सवतीचा फोटो

आई गेल्यानंतर बरेच महिने मी नाटकाला गेले नव्हते. मग एका रविवारी गेले. तिकीट खिडकीवरच्या माणसाने मला बघितलं आणि सवयीने दोन तिकिटं फाडली.

"एकच द्या," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं, काय समजायचं ते समजला आणि दुसरं तिकीट बाजूला सरकवलं. आत माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी आलं नाही, म्हणून पलीकडच्या बाईंनी तिच्यावर आपली पर्स ठेवली. पहिला अंक संपेपर्यंत माझं लक्ष सारखं त्या पर्सकडेच जात होतं.

आमचं नाट्यगृह लालबागला, एका गल्लीच्या तोंडाशी. कोकणातून गिरणीत आलेल्या लोकांनी वर्गणी काढून बांधलेलं. आधी पत्र्याचं होतं, नंतर स्लॅब पडला. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि पाळी सुटली की तिथे नाटकात काम करायचे. मी शाळेत असतानाच ते गेले. ते होते तोवर आईने त्या नाट्यगृहाची पायरी चढली नाही. "तुमच्या नाटकांना वेळ कुणाला आहे," म्हणायची. म्हातारपणी मात्र तिला नाटकाचं वेड लागलं. माझी नोकरी संपल्यावर दर रविवारी आम्ही दोघी जायचो. लग्न मी केलं नाही. घरात आम्ही दोघीच, मग मी एकटी.

त्या रविवारी मध्यंतरात चहाच्या टेबलाशी नाट्यगृहाचे व्यवस्थापक भेटले. चाळिशीचा, सतत घाईत असलेला माणूस. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता मोकळ्या असता ना?"

प्रश्न साधाच होता. मी कप टेबलावर ठेवला. "हो," म्हटलं, "मोकळीच आहे."

"नाट्यगृहाचा अमृतमहोत्सव आहे. लोकांकडे जुन्या वस्तू असतील बघा. फोटो, कपडे, तलवारी, काय असेल ते. फॉयरमध्ये प्रदर्शन लावायचंय. घरोघरी जाऊन गोळा करणारं कुणीतरी हवं. आमची मुलं व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकतात, त्याने काय होतं? जाऊन बसावं लागतं लोकांकडे."

जाऊन बसायला मला काहीच अडचण नव्हती. मी तिथेच हो म्हटलं.

आईच्या मऊ पडलेल्या दोन चादरी मी पिशवीत घातल्या, वस्तू गुंडाळायला. आणि फिरू लागले. फणसवाडीत एका घरात पेटी मिळाली. तिचा भाता उंदरांनी खाल्लेला, पण घरच्यांनी ती पाटासारखी वापरात ठेवली होती, वर कुंडी होती. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत एका निवृत्त साहेबांनी लाकडी तलवार दिली आणि देताना हातात धरून एक पवित्राही दाखवला. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पुरे, कंबर धरेल." शीव कोळीवाड्यात एका म्हातारीच्या सासऱ्याने नाटकांना पेट्रोमॅक्सच्या बत्त्या पुरवल्या होत्या. एक बत्ती अजून तिच्या माळ्यावर होती. ती काढायला शेजारचे दोघे आले आणि माळ्यावरचं अर्धं सामान खाली आलं.

पण अशी घरं थोडीच. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळायचं. "होतं हो बाई सगळं. चाळ पाडली, ट्रान्झिट कॅम्पात गेलो, तेव्हा टाकलं. त्या खुराड्यात काय काय नेणार?" मग चहा यायचा. चहा होईतो ते लोक त्या टाकलेल्या वस्तूंबद्दल बोलायचे. कुणाचा मुकुट, कुणाची ढाल, कुणाच्या भावाचा छातीवर बिल्ले लावलेला फोटो. मी ऐकत बसायची. त्या दिवसांत मी जितक्या घरांत चहा प्यायले, तितक्या घरांत आधीच्या कित्येक वर्षांत प्यायले नसेन. दार बंद झालं की जिन्यात मात्र एकदम शांत वाटायचं. आत पुन्हा टीव्ही लागल्याचा आवाज यायचा आणि मी पिशवी सावरत उतरायची.

कोळीवाड्यातल्या म्हातारीने विचारलं होतं, "तुझं कोण होतं नाटकात?"

"वडील."

"मग तुझ्याकडचं काय देनार?"

माझ्याकडे काही नव्हतं. वडिलांचा गिरणीचा बिल्ला होता, एक शिंगाचा कंगवा होता. नाटकातलं काही नाही. त्यांचा आवाज कसा होता, तेही मला आठवत नव्हतं. चेहरा आठवायचा, चालणं आठवायचं, पण तोंड उघडलं की पुढे काही नाही.

असंच कुणीतरी मला एका काकांचा पत्ता दिला. "ते बाईचं काम करायचे," असं सांगितलं. आमच्या भागातल्या गिरणीवाल्यांच्या नाटकांत बायका कुठून आणायच्या, म्हणून पुष्कळ वर्षं पुरुषच लुगडं नेसायचे. काका आता नव्वदीला टेकलेले. त्यांची चाळ पडून टॉवर झाला होता आणि ते मुलाबरोबर विसाव्या का एकविसाव्या मजल्यावर राहत होते. मुलगा-सून कामावर जात. दुपारी काका एकटे.

मी गेले तेव्हा ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. बारीक, गोरे, डोक्याला पांढरी टोपी. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. आधी विचारलं, "गाव खंयचा?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"कोणाची तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बस गो," आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर दुसरा टॉवर होता. त्याच्या काचेत आमच्या टॉवरच्या खिडक्या दिसत होत्या, बाकी काही नाही.

बऱ्याच वेळाने ते उठले, आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून गंगावन घेऊन आले. लांब, काळंभोर, खऱ्या केसांचं. इतक्या वर्षांनी त्याला खोबरेल तेलाचा वास होता.

"तेल लावता का अजून?" मी विचारलं.

"नाय लावला तर तुटतत."

मी ते आईच्या चादरीत गुंडाळलं. म्हटलं, "आणखी काही असेल तर..."

"बाकीचा मागाहून. पुढच्या आठवड्यात ये."

पुढच्या आठवड्यात खोट्या मोत्यांची नथ मिळाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात कमरपट्टा, अर्ध्या कड्या गेलेला. प्रत्येक वेळी एकच वस्तू, आणि प्रत्येक वेळी "बाकीचा मागाहून." त्यांच्या कपाटात एकच ट्रंक होती आणि ती उघडली की आत काय काय आहे ते मला दारातून दिसायचं. सगळं एका पिशवीत मावलं असतं. मी कधी तसं म्हटलं नाही. व्यवस्थापकांनी फोनवर विचारलं, "त्या काकांकडचं झालं का हो?" तर मी म्हणायची, "होतंय. थोडं राहिलंय." मंगळवारची दुपार कधी येते याची मी वाट बघायला लागले होते. जाताना नाक्यावरून खाजा घ्यायची. त्यांना दात नव्हते, ते तो चहात बुडवून खायचे.

एका मंगळवारी त्यांनी लुगडं काढलं. हिरवं, जरीचा काठ विरलेला. घडीच्या आत वर्तमानपत्रात फोटो होता. तो माझ्या हातात देऊन ते खुर्चीत बसले.

फोटोत माझे वडील होते. धोतर, कोट, डोक्याला फेटा. तरणेबांड. मी कधी न पाहिलेले. आणि त्यांच्या डाव्या खांद्याशी, जरा मागे, पदर दोन बोटांत धरून एक बाई उभी होती. नाकात ती नथ. कमरेला तो पट्टा. मान किंचित कललेली. इतकी देखणी, की मला आधी ती खरीच बाई वाटली. वर बघितलं तर काका तश्शीच मान कलवून माझ्याकडे बघत होते.

"वळाखलंस?"

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"तुझी आवस माका सवत म्हणायची," ते म्हणाले आणि हसले.

तेव्हा मला आठवलं. बाबा तालमीला निघाले की आई चुलीपुढून म्हणायची, "जावा, माझी सवत वाट बघीत असतली." बाबा हसायचे. मी लहान होते, मला ते कुणाचं तरी नाव वाटायचं. चाळीत कुणी नवी बाई दिसली की मी आईला विचारायची, हीच का सवत? आणि आई डोळे पुसून पुसून हसायची.

"ती कधी बघूक येवक नाय," काका म्हणाले. "एकदा मी दारात जावन सांगितलंय, वयनी, येवा, बघा तुमचो घोव कसो दिसता. तर म्हणाली, घोव माका घरात दिसता, तुमी बघा थंय."

मी विचारलं, "बाबा कसं काम करायचे?"

"बरा करायचो. पण भाषण इसरायचो."

"मग?"

"मगे काय? मी बायल मा त्याची. मीच सांभाळून घ्यायचंय. पदर ओढल्यासारखा करून हळूच पुढचा वाक्य सांगायचंय."

मग काका उठले. खुर्चीच्या पाठीला एक हात टेकवला. दुसऱ्या हाताची दोन बोटं खांद्याशी नेली. तिथे पदर नव्हता, बनियन होती. आणि त्यांच्या तोंडून बाईचा आवाज आला. बायकी केलेला, बारीक असा नव्हे. एका थकलेल्या, शहाण्या बाईचा आवाज.

"जाताय तर जा. अडवायला मी उंबरठा नाही. पण दिवा मी मालवणार नाही."

मला म्हणाले, "आता तुझ्या बापाशीचा म्हण."

"मला येत नाही, काका."

"मी सांगतंय. दिवा ठेवू नकोस. वाट बघणाऱ्या घराला झोप लागत नाही. म्हण."

मी म्हटलं. पहिल्यांदा अगदीच वाचून दाखवल्यासारखं झालं. ते मान हलवून "नाय, नाय" करू लागले. "तो अशो म्हणायचो," म्हणाले, आणि वडिलांच्या आवाजात बोलले. जरा घोगरा, शब्दाच्या शेवटी खाली येणारा, 'झोप'मधला झ थोडा जड. बरोबर होता की नाही मी सांगू शकत नाही. ताडून बघायला माझ्याकडे काही नव्हतंच. पण त्या दिवसापासून बाबा आठवले की तोच आवाज येतो.

त्यानंतर तीन-चार मंगळवार आम्ही तो प्रवेश म्हटला. मधेच धुणं-भांडीवाली यायची आणि ओट्याशी उभी राहून बघायची. एकदा तिने टाळ्या वाजवल्या. काकांनी मान झुकवून घेतल्या.

प्रदर्शनाच्या आधी काकांचा मुलगा मला भेटायला नाट्यगृहात आला. पंचावन्न-साठीचा, शांत माणूस. आम्ही पायऱ्यांवर उभे राहिलो.

"मॅडम, तो फोटो लावू नका," तो म्हणाला. "म्हणजे... लावायचाच असेल तर बाबांचं नाव नको."

"का हो?"

तो समोरच्या दुकानाकडे बघत बोलला. "मला त्यांची लाज वाटते असं समजू नका. पण मी इथल्याच शाळेत होतो. हजेरीत माझं नाव आलं की मागची पोरं पदर घ्यायची डोक्यावर. बाईचा मुलगा म्हणायचे. मी मारामाऱ्या केल्या, शर्ट फाडून घरी आलो, पण बाबांना कधी सांगितलं नाही कशासाठी ते. मी त्यांचं एकही नाटक बघितलेलं नाही. आता माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. तिच्या सासरचे इथलेच, त्या दिवशी येतील. पुन्हा तेच नको."

त्याला काय सांगावं? काळ बदललाय, असं म्हणणं सोपं होतं. पण मार त्याने खाल्ला होता, मी नाही.

"काकांशी बोललात?" मी विचारलं.

"बोललो. ते म्हणाले, तुला नको तर नको. तेवढंच."

पुढच्या मंगळवारी मीही काकांना विचारलं. त्यांनी हात झटकला. "माझा नाव थंय कधी होता? थंय तिचा नाव होता. फोटो तिचो असा."

फोटोखाली चिठ्ठी मी लिहिली. डाव्या-उजव्या बाजूची खूण केली, वडिलांचं नाव घातलं. दुसऱ्या बाजूला नुसतं 'नायिका' लिहिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी गर्दी झाली. दादर, परळ, कुठून कुठून लोक आले. मी समजत होते लोक सगळं फिरून बघतील. तसं होत नव्हतं. प्रत्येक जण सरळ आपल्या घरच्या वस्तूशी जायचा आणि तिथेच उभा राहायचा. तलवारवाले साहेब तलवारीशी, फणसवाडीचं कुटुंब पेटीशी. नातवंडांना दाखवणं, मोबाइलवर फोटो, व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या भावाला पेटी दाखवणं. मी मधे उभी होते. सगळ्या वस्तू मीच आणल्या होत्या, आणि आता प्रत्येकीला आपलं माणूस मिळालं होतं. मीही मग वडिलांच्या फोटोशी गेले. शेजारी एक गृहस्थ होते. मी त्यांना म्हटलं, "हे माझे वडील."

"हो का? वा," ते म्हणाले. "इथे आमच्या मामांचा एक फोटो आहे म्हणे. कुठे लावलाय?"

मी त्यांना जागा दाखवली.

काकांना मुलाने आणलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. फोटोसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवून तो बाहेर आवारात जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने दोन वयस्कर बायका त्या फोटोसमोर आल्या.

"काय दिसते गं ही!" एक म्हणाली. "नट्टापट्टा नाही काही नाही. डोळे बघ."

"आपल्याकडचीच वाटते. नाव का नाही लिहिलं?"

पहिली खाली वाकून काकांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही ओळखता का हिला?"

काकांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "वळाखतंय तर."

"कशी होती हो?"

"बरी होती. घरंदाज."

"आता कुठे असते?"

"गेली ती. बरीच वर्सां झाली."

"अगं बाई," ती म्हणाली. दोघींनी फोटोला हात जोडले. काकांनीही टोपी जरा सावरली. मग दुसरीने माझ्याकडे बोट केलं. "ही तुमची मुलगी का?"

"माझी नाय," काका गंभीरपणे म्हणाले. "सवतीची."

त्या दोघी एकमेकींकडे बघत पुढे सरकल्या. मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. काका मात्र हसले नाहीत. ते फोटोकडेच बघत होते. मला वाटलं, ती गेली हे त्यांनी थट्टेने सांगितलेलं नव्हतं.

त्यांच्या नातीच्या सासरचे लोकही येऊन गेले. तेही त्या फोटोपाशी थांबले, छान आहे म्हणाले, पुढे गेले. मुलगा दारातून बघत होता. तो आत येईल असं मला एकदा वाटलं. एक पाऊल त्याने टाकलंही. मग खिशातला फोन वाजला, की त्याने उगाच काढला, आणि तो पुन्हा बाहेर गेला.

घंटा झाल्यावर सगळे नाटकाला आत गेले. काकांना आतला उतार जमणार नव्हता, म्हणून मी त्यांच्याजवळ थांबले. मोठं फॉयर, टेबलांवर लोकांच्या घरातल्या वस्तू, आणि आम्ही दोघं. आतून हशा ऐकू यायचा. हशा आला की काका दाराकडे मान वळवायचे.

"खंयचा वाक्य होता?" एकदा विचारलं.

"ऐकू नाही आलं, काका."

प्रदर्शन उतरल्यावर वस्तू परत करणं आलं. ते काम गोळा करण्याहून जड गेलं. घ्यायला जाताना चहा मिळाला होता, परत देताना दारातच हात पुढे यायचे. "ठेवा इथे, थँक यू हां." पेटी तर फणसवाडीवाल्यांनी घेतलीच नाही. तिच्या जागी त्यांनी तोवर शू रॅक आणला होता. ती नाट्यगृहाच्या गोदामात गेली. काकांनी गंगावन, नथ, लुगडं ठेवून घेतलं. फोटो मात्र मला परत दिला.

"तुका ठेव. हयसर भिंतीक खिळो मारूक देनत नाय."

"मी येत जाईन, काका."

"ये मा," ते म्हणाले.

पण मी लगेच गेले नाही. आता न्यायचं काही नव्हतं, द्यायचं काही नव्हतं. मंगळवार यायचा. मी साडी नेसून बसायची आणि मनात म्हणायची, काय सांगून जायचं? त्यांच्या घरी लग्नाची गडबड. सून काय म्हणेल? आमच्या चाळीत पूर्वी कुणी असा विचार करत नसे, दार उघडंच असायचं. पण त्या टॉवरमध्ये खाली गेटवर नाव सांगावं लागतं, काम सांगावं लागतं. असे बरेच मंगळवार गेले. नातीचं लग्नही होऊन गेलं. मला पत्रिका आली होती, मी जाऊन आहेर देऊन आले. काका स्टेजजवळ सोफ्यावर होते. दोनशे माणसांत त्यांनी मला हात केला. इतकंच.

मग पावसाळा संपता संपता एकदा मनाचा हिय्या केला. खाजा घेतला आणि गेले. गेटवर नवा वॉचमन होता.

"किधर जाना है?"

मी फ्लॅट सांगितला.

"काम क्या है?"

"काम नहीं है," मी म्हटलं. "ऐसेही मिलना है."

त्याने इंटरकॉम लावला. वाजत राहिला. मग दुसऱ्या वॉचमनला विचारून आला. "वो लोग गाँव गये, मॅडम. बाबाजी को लेके. साब रिटायर हो गया ना." कधी येणार ते त्याला माहीत नव्हतं.

मी मुलाला फोन केला. तो चांगलं बोलला. म्हणाला, "बाबा इथे एकटे पडायचे हो दिवसभर. गावी चुलतभाऊ आहेत, शेजारपाजार आहे. मी येऊन जाऊन असेन." मी म्हटलं, बरं केलंत. खरंच बरंच केलं होतं त्याने. फोन ठेवल्यावर मी भारतमाता टॉकीजच्या नाक्याकडे न वळता उलटीकडे चालत राहिले. खाजा पिशवीत होता. मी काही तो एकटी खाणार नव्हते. बस स्टॉपवर एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती, तिला देऊन टाकला. बाईने आधी संशयाने बघितलं, मग घेतला.

दिवाळीनंतर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलला तर खरखर, कोंबड्यांचा आवाज आणि मग काका. ते मोठ्याने ओरडत होते, जणू गावाहून हाक मारली तरच मुंबईला पोचेल.

"कोण? तूच मा?"

"मीच, काका. कसे आहात?"

"आसंय. जेवलंस?"

"जेवले."

"काय केलंस?"

"कुळथाची पिठी आणि भात."

"एकट्यानच?"

"हो," मी म्हटलं.

जरा वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, "मगे बोल कायतरी."

काय बोलू? मी सुरू केलं. नाट्यगृहात नवा पडदा आलाय, मरून रंगाचा, जुन्यापेक्षा हलका आहे, उघडताना आवाज करत नाही. तिकीट खिडकी आता फक्त सकाळी असते, बाकी सगळं मोबाइलवर. गेल्या रविवारी एका नटाचं वाक्य अडलं, आणि समोरची मुलगी नुसती बघत उभी राहिली, मदत केली नाही तिने. मला तुमची आठवण झाली. असं पुष्कळ बोलले. बोलता बोलता गॅलरीत आले, खाली कुणीतरी उडदाचे पापड वाळत घातले होते, तेही सांगितलं. पलीकडून हुंकार येत नाही हे लक्षात यायला वेळ लागला. फोन कानापासून काढून बघितला. रेंज केव्हाच गेली होती. पडदा की तिकीट खिडकी, कुठपर्यंत त्यांना ऐकू गेलं, काही कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीच त्या नंबरवर लावला. लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला. शेजारच्या कुणाचा तरी फोन होता तो. त्या बाईने "थांबा हां, बोलावतंय," म्हटलं आणि फोन कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मी धरून थांबले. लांबून तिची हाक ऐकू येत होती, आणि काठी टेकत कुणीतरी सावकाश येत होतं.